दोन सूची, एक पृच्छा : दूरस्थ विदागारांच्या जोडणीविषयी

एखाद्या ग्रंथाच्या किती हस्तलिखित प्रती आज उपलब्ध आहेत, हा प्रश्न वरवर साधा वाटतो. परंतु त्याचे उत्तर देण्यासाठी भारतीय साहित्याच्या अभ्यासकास निदान दोन, आणि बहुधा दहा-बारा सूची चाळाव्या लागतात. संस्कृत ग्रंथांपुरता हा खटाटोप थेओडोर आउफ्रेख्ट या जर्मन पंडिताने एकहाती केला. त्याचा 'कॅटलॉगस कॅटलॉगोरम' लाइपझिग येथून १८९१, १८९६ आणि १९०३ अशा तीन भागांत प्रसिद्ध झाला, आणि पुढे १९३५ मध्ये मद्रास विद्यापीठाने त्याची नवी, विस्तृत आवृत्ती सिद्ध करण्याचे काम अंगावर घेतले. ठिकठिकाणच्या सूचींतील नोंदी उतरवून घ्यावयाच्या, त्या एका अकारविल्हे क्रमात लावावयाच्या आणि प्रत्येक नोंदीपुढे मूळ सूचीचा संकेत द्यावयाचा, ही या कामाची रीत. तिचे मोल वादातीत आहे. तथापि तिच्यात एक अटळ उणीव आहे : नोंद ज्या दिवशी उतरवून घेतली जाते त्या दिवसापासून ती मूळ सूचीपासून तुटते. मूळ ग्रंथालयाने नंतर एखादी प्रत नव्याने मिळवली, एखाद्या ग्रंथाचे कर्तृत्व दुरुस्त केले किंवा एखादे पोथीचे बाड गहाळ झाल्याची नोंद केली, तर महासूचीस त्याचा पत्ता लागत नाही.

आता बहुतेक सूची संगणकावरील विदागारांत, म्हणजे रूढ भाषेत डेटाबेसमध्ये, साठविलेल्या असतात. त्यामुळे जुन्याच प्रश्नाला दोन उत्तरे संभवतात. पहिले उत्तर आउफ्रेख्टचेच आहे. केवळ हाताच्या जागी यंत्र आले आहे. २००१ साली पुढे आलेल्या 'ओपन आर्काइव्ह्ज' या उपक्रमाच्या संकेतानुसार अनेक ग्रंथालयांच्या नोंदी ठरावीक काळाने गोळा करून एका ठिकाणी आणल्या जातात. दुसरे उत्तर निराळ्या जातीचे आहे. त्यात नोंदी आपापल्या जागी राहतात आणि अभ्यासकाचा प्रश्न, म्हणजे पृच्छा, त्यांच्याकडे जाते. एका विदागारास दुसऱ्याशी जोडून दोहोंवर मिळून एकच पृच्छा करण्याची ही जी व्यवस्था, तिचे स्वरूप येथे सांगावयाचे आहे. ही व्यवस्था तंत्रज्ञांची आहे आणि आपल्याला तिच्याशी काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. परंतु 'या ग्रंथाची दुसरी प्रत आढळत नाही' असे विधान जेव्हा आपण निबंधात करतो, तेव्हा अलीकडे ते पुष्कळदा अशा एखाद्या जोडपृच्छेच्या आधारे केलेले असते. आणि ती जोडणी आतून कशी चालते हे ठाऊक नसेल, तर त्या 'नाही'चे वजन किती, हे आपणांस सांगता येणार नाही.

आरंभ विदागाराच्या घडणीपासून केला पाहिजे. आजची बहुसंख्य विदागारे एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या प्रतिमानावर उभी आहेत. कॉड हे आय.बी.एम. संस्थेच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करीत. त्यांच्या मते सर्व माहिती कोष्टकांत मांडावी, दोन कोष्टकांमधील संबंध आतल्या गुप्त दुव्यांनी न दाखवता उघड मूल्यांनी दाखवावा, आणि विचारणाऱ्याने फक्त काय हवे ते सांगावे. ते कसे शोधावयाचे हे यंत्राने ठरवावे. ग्रंथांच्या कोष्टकात कर्त्याचा क्रमांक ४७ असेल आणि कर्त्यांच्या कोष्टकात ४७ या क्रमांकापुढे एकनाथांचे नाव असेल, तर ४७ आणि ४७ समान आहेत एवढ्याच कारणाने ती दोन कोष्टके जोडली जातात. सारी मदार 'समान आहे' या एका चिन्हावर आहे. एका घरात हे चिन्ह निर्धास्तपणे वापरता येते, कारण दोन्ही क्रमांक एकाच हाताने दिलेले असतात. घर बदलले की काय होते, हे पुढे दिसेल.

जोडणीचे तंत्र फारसे गूढ नाही. समजा, पुण्यातील एका संस्थेने मराठी कवींची व त्यांच्या रचनांची सूची एका विदागारात ठेवली आहे, आणि तंजावर येथील एका संग्रहाची हस्तलिखितसूची दुसऱ्या विदागारात आहे. उदाहरण कल्पित असले तरी ते निवडण्यास कारण आहे. भोसले राजांच्या आश्रयामुळे तंजावरास मराठी हस्तलिखितांचा जो ठेवा साठला, तो पाहिल्यावाचून मराठी आख्यानकवितेचा किंवा नाटकाचा इतिहास पुरा होत नाही. पुण्याच्या विदागारात चार गोष्टींची नोंद करावी लागते : दुसऱ्या विदागाराचा पत्ता, त्याच्याशी बोलण्याची पद्धत, तेथे प्रवेश मिळण्यासाठी लागणारे नाव व परवलीचा शब्द, आणि या सगळ्या ऐवजाला आपल्याकडे ज्या नावाने हाक मारावयाची ते नाव. ओरॅकल या विदागार-प्रणालीत या नोंदीला 'डेटाबेस लिंक' म्हणतात. एकदा ती केली की दूरच्या कोष्टकाच्या नावापुढे ॲट हे चिन्ह आणि जोडणीचे नाव लिहावयाचे. मग ते कोष्टक जणू आपल्याच दप्तरात असल्यासारखे पृच्छेत वापरता येते. मायक्रोसॉफ्टच्या एस.क्यू.एल. सर्व्हरने १९९८ च्या आवृत्तीत हीच सोय 'लिंक्ड सर्व्हर' या नावाने दिली. तेथे दूरच्या कोष्टकाचे नाव चार पदांचे होते : सर्व्हर, विदागार, त्यातील विभाग आणि मग कोष्टक. टपालाच्या पत्त्यासारखाच हा प्रकार आहे, फक्त गाव आधी आणि माणूस शेवटी.

पोस्टग्रेस ही प्रणाली मुक्त असल्यामुळे विद्यापीठांत ती पुष्कळ आढळते. तिच्यातील रचना अधिक बोधप्रद आहे. विदागारांच्या प्रमाणभाषेच्या २००३ च्या आवृत्तीत बाहेरील माहितीच्या व्यवस्थापनासाठी एक स्वतंत्र भाग आहे. त्याला अनुसरून पोस्टग्रेसने २०११ पासून 'फॉरिन टेबल', म्हणजे परस्थ कोष्टक, ही संकल्पना आणली आणि २०१३ मध्ये एका पोस्टग्रेसमधून दुसऱ्या पोस्टग्रेसशी बोलणारा जोडक तिच्यात समाविष्ट झाला. परस्थ कोष्टकात एकही नोंद नसते. असतात ती फक्त स्तंभांची नावे आणि त्यांचे प्रकार. ते कोष्टक म्हणजे दूरच्या दप्तराविषयी आपण मनाशी धरलेली समजूत होय, आणि दूरच्या मालकाने एखाद्या स्तंभाचे नाव बदलले किंवा त्याचा अर्थ बदलला तर ती समजूत आपोआप सुधारत नाही. नाव बदलले तर पृच्छा अडते आणि चूक लगेच कळते. अर्थ बदलला तर काहीच अडत नाही, हे अधिक वाईट.

दोन्ही विदागारे एकाच घडणीची असतील तर संभाषण सुकर होते. ती भिन्न घडणीची असतील, एकीकडे ओरॅकल आणि दुसरीकडे एस.क्यू.एल. सर्व्हर, तर मध्ये दुभाषी लागतो. पूर्वी पाँडिचेरीस फ्रेंच गव्हर्नर ड्युप्ले याचा कारभार आनंदरंग पिळ्ळे या दुभाष्यावाचून चालत नसे. तसाच हा मध्यस्थ. १९९२ मध्ये प्रचारात आलेली ओ.डी.बी.सी. ही पद्धत या कामासाठी सर्वांत अधिक वापरली जाते. दुभाषी शब्दांचे भाषांतर करतो, पण दोन्ही पक्षांच्या रीतिरिवाजांतील भेद त्याला मिटवता येत नाहीत. याचे एक लहानसे उदाहरण पुरेसे व्हावे. ओरॅकल रिकाम्या अक्षरमालेला 'अज्ञात' समजते; इतर बहुतेक प्रणाली रिक्त आणि अज्ञात यांत भेद करतात. सूचीकाराने पाहून 'कर्त्याचे नाव पोथीत दिलेले नाही' म्हणून जागा रिकामी सोडली आहे, की त्याने ती पोथी अद्याप पाहिलेलीच नाही, हा भेद आपल्या दृष्टीने केवढा मोठा आहे, हे सांगावयास नको. दोन प्रणालींमधून जाताना तो वाटेतच पुसला जाऊ शकतो.

यानंतर जो प्रश्न येतो, त्यात संगणकशास्त्रज्ञांनी सर्वांत अधिक बुद्धी खर्च केली आहे : पृच्छेचा कोणता भाग कोठे सोडवावयाचा? समजा, पुण्याच्या सूचीत एका कवीच्या ४० रचना आहेत आणि तंजावरच्या कोष्टकात ५ लाख नोंदी आहेत. ४० पैकी कोणकोणत्या तेथे सापडतात हे हवे आहे. एक मार्ग असा की, ५ लाखही नोंदी पुण्यास मागवून घ्यावयाच्या आणि येथे ताडून पाहावयाच्या. दुसरा मार्ग म्हणजे ४० शीर्षके तिकडे पाठवून 'एवढ्यांशी जुळणाऱ्याच नोंदी द्या' असे सांगणे. दुसरा मार्ग अर्थातच शहाणपणाचा. १९८१ च्या सुमारास अमेरिकेत एसडीडी-१ नावाच्या प्रायोगिक प्रणालीसाठी फिलिप बर्नस्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच युक्तीचा पद्धतशीर अभ्यास केला. तिला 'सेमी-जॉइन' किंवा अर्धजोड म्हणतात. आधी फक्त ओळखखुणा पाठवा, भारी ऐवज नंतर आणा, एवढेच तिचे सार आहे. गावोगावच्या ग्रंथपालांना पत्राने शीर्षकांची यादी पाठवून खूण करून परत मागविणारा अभ्यासक नेमके हेच करीत असे.

परंतु अर्ध्या कामाचा भार दूरच्या सर्व्हरवर टाकावयाचा, तर आपण काय म्हणतो हे त्या सर्व्हरला कळले पाहिजे. येथेच साहित्याच्या अभ्यासकाची खरी अडचण सुरू होते. शीर्षके ताडताना आपल्याला सरळ समानता चालत नाही. १९६२ च्या लेखनसुधारणेपूर्वीच्या आणि नंतरच्या लेखनातील अनुस्वारांचा भेद सोडून द्यावयाचा असतो, ऱ्हस्व-दीर्घांचे वैविध्य पोटात घ्यावयाचे असते. म्हणून आपण एक स्वतंत्र नियम लिहितो आणि पृच्छेत सांगतो की, या नियमाने शुद्ध केल्यावर जी शीर्षके सारखी ठरतील ती जुळवा. हा नियम आपल्या विदागारात राहतो. दूरच्या विदागाराला तो ठाऊक नसतो. पोस्टग्रेसचा जोडक अशा वेळी सावधपणे वागतो : जे नियम पलीकडेही हुबेहूब आहेत याची त्याला खात्री असते तेवढेच तो पलीकडे पाठवतो, आणि बाकीच्यांसाठी लागतील त्या सर्व नोंदी ओढून अलीकडे आणतो. म्हणजे आपला नियम जितका सूक्ष्म व मराठीला अनुरूप, तितकी पृच्छा मंद. मग कोणी तरी कंटाळून नियम काढून टाकतो आणि साधी समानता वापरतो. पृच्छा क्षणात पुरी होते. अर्ध्या नोंदी गळतात. वेग वाढला म्हणून या दुसऱ्या पृच्छेलाच 'सुधारलेली' म्हणण्याची प्रथा आहे!

समानतेच्या या प्रश्नाचा तळ किती खोल आहे, हे आचार्य अत्र्यांच्या आत्मचरित्राच्या नावावरून पाहता येईल. 'कऱ्हेचे पाणी' या शीर्षकातील दुसरे अक्षर मराठीच्या खास वळणाचे आहे. रेफ ह-च्या डोक्यावर न जाता त्याच्या अलीकडे आडवा राहतो. युनिकोड या सर्वमान्य संकेतप्रणालीत हे वळण दोन प्रकारांनी लिहिता येते. एकात 'ऱ' हा स्वतंत्र वर्ण घेऊन त्याला हलन्त जोडतात. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य, शून्य रुंदीचे जोडचिन्ह घालतात. पहिल्या पद्धतीने 'कऱ्हेचे' आणि दुसऱ्या पद्धतीने 'कर्‍हेचे' असे लिहिले, तर वाचकाच्या डोळ्यांना ती दोन्ही एकरूप भासतात. विदागाराच्या लेखी मात्र ते दोन वेगवेगळे शब्द आहेत. युनिकोडचे नेहमीचे शुद्धीकरणाचे नियम लावले तरी हा भेद मिटत नाही, कारण ते नियम या दोन रूपांना परस्परांचे पर्याय मानीतच नाहीत. सूची करणारे दोघेही आपापल्या जागी बिनचूक आहेत. जोडपृच्छेचे उत्तर मात्र 'जुळणारी नोंद नाही' असे येते, आणि पडद्यावर पाहून कोणालाही त्याचे कारण कळण्याचा संभव नाही.

रोमन लिपीत केलेल्या सूचींचा आणखी वेगळा घोळ. 'ज्ञानेश्वरी' या एका नावातील पहिल्या जोडाक्षराचे मराठी उच्चाराप्रमाणे 'द्न्य', संस्कृत वर्णांप्रमाणे 'ज्ञ' आणि हिंदी उच्चाराप्रमाणे 'ग्य' असे लिप्यंतर होते. २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने भारतीय लिप्यांच्या लिप्यंतराचे मानक प्रसिद्ध केले. परंतु त्यापूर्वी शतकभर झालेल्या नोंदी त्यामुळे बदललेल्या नाहीत.

क्रमाचा मुद्दाही याच जातीचा आहे आणि तो फारसा बोलला जात नाही. दोन मोठी कोष्टके जोडताना यंत्र कधीकधी दोन्ही याद्या अकारविल्हे लावून घेते आणि दोन बोटे दोन याद्यांवरून एकाच वेळी खाली सरकवीत नेते. ज्या यादीतील शब्द क्रमाने आधीचा असेल त्या यादीवरील बोट पुढे जाते. दोन्ही बोटांखाली एकच शब्द आला की जोड झाली. ही रीत जलद आहे. परंतु ती दोन्ही याद्यांचा क्रम एकाच नियमाने लागला आहे असे गृहीत धरते. मराठी वर्णमालेत क्ष आणि ज्ञ शेवटी, ळ-नंतर येतात. हिंदी कोशांत क्ष हा क-मध्ये आणि ज्ञ हा ज-मध्ये मिळतो. एक यादी या क्रमाने आणि दुसरी त्या क्रमाने लावलेली असली, तर एका बोटाने ज-चा टापू ओलांडलेला असतो आणि दुसरे बोट ज्ञ-शी पोचते तोवर उशीर झालेला असतो. 'ज्ञानेश्वरी' दोन्ही याद्यांत असूनही जुळत नाही. म्हणूनच जाणते जोडक दूरच्या विदागाराच्या वर्णक्रमाविषयी साशंक राहतात, आणि पोस्टग्रेसच्या मार्गदर्शिकेतही परस्थ कोष्टकातील स्तंभांचा वर्णक्रम दूरच्या स्तंभाशी जुळता ठेवण्याविषयी बजावलेले आहे.

कालगणनेचे रूपांतर त्या मानाने सोपे, पण तेही निर्दोष नाही. ज्ञानेश्वरीची शके १२१२ ही मिती एका सूचीत तशीच असेल, दुसरीत १२९० असेल, तिसरीत विक्रम संवत १३४७ असेल. ७८ मिळविणे किंवा १३५ मिळविणे हे काम यंत्र आनंदाने करते. परंतु शकाचे वर्ष चैत्रात पालटते, म्हणून शके १२१२ चा शेवटचा भाग १२९१ मध्ये जातो. आणि गुजरातेतील संवत कार्तिकात पालटतो. मितीच्या जागी एक आकडा न ठेवता 'पासून' व 'पर्यंत' असे दोन आकडे ठेवले, आणि समानतेऐवजी दोन कालखंड एकमेकांवर येतात की नाही एवढेच पाहिले, तर यातून निभाव लागतो.

ग्रंथालयांनी या अडचणींवर फार पूर्वी विचार केला होता, हे येथे नमूद केले पाहिजे. १९८८ मध्ये अमेरिकेत झेड ३९.५० हे मानक संमत झाले व पुढे ते आंतरराष्ट्रीय मानकही बनले. त्याची दृष्टी विदागारांच्या जोडणीपेक्षा वेगळी आहे. दूरच्या कोष्टकांची आतली रचना विचारणाऱ्याला माहीत असण्याची त्यात गरज नाही. 'शीर्षक' या कल्पनेला ४ हा क्रमांक, 'कर्ता' या कल्पनेला १००३ हा क्रमांक, असे संकेत ठरलेले आहेत. प्रत्येक ग्रंथालयाने त्या क्रमांकाचा आपल्या दप्तरात काय अर्थ करावयाचा ते स्वतः ठरवावयाचे. यामुळे जोडणी सर्वदूर पसरली. मात्र टीकाकार, संपादक आणि प्रतलेखक यांना कोणी 'कर्ता' या सदरात घेतले, कोणी घेतले नाही. एकनाथी भागवताच्या पोथीचा लेखनिक एका ग्रंथालयात 'कर्ता' म्हणून सापडावा आणि दुसरीकडे त्याचा मागमूस नसावा, हे त्या स्वातंत्र्याचेच फळ.

या स्वातंत्र्याचे तात्त्विक विवेचन संगणकशास्त्रातही झालेले आहे. अमित शेठ आणि जेम्स लार्सन यांनी १९९० मध्ये संघीय विदागारांवर लिहिलेला दीर्घ लेख या विषयात आधारभूत मानला जातो. वितरण, भिन्नता आणि स्वायत्तता या तीन कसोट्यांवर त्यांनी जोडलेल्या विदागारांची चिकित्सा केली आहे. त्यांपैकी वितरणाचा प्रश्न, म्हणजे अंतराचा, आता जवळजवळ सुटला आहे असे मला वाटते. भिन्नतेचे काही प्रश्न कष्टाने सुटतात. स्वायत्तता हा सोडविण्याचा प्रश्नच नव्हे; ग्रंथालय आपल्या सूचीचे धनी राहणारच, आणि तसे राहिले नाही तर सूचीची निगा कोण राखील?

परवलीच्या शब्दांविषयी एकच सूचना पुरे. जोडणीत एकच सामाईक नाव घातले तर ज्याला अलीकडचे दार उघडता येते त्याला पलीकडचेही उघडता येते. म्हणून दूरच्या विदागारात केवळ वाचनाचा अधिकार असलेले स्वतंत्र नाव मागून घ्यावे. दोन्हीकडे एकाच वेळी लेखन करावयाचे असेल तर त्याचे 'द्विपद निश्चिती'चे शास्त्र आहे. बँकांना ते अत्यावश्यक. सूचीच्या अभ्यासकाला त्याची गरज क्वचितच पडेल.

आता मौनाचा प्रश्न. जोडपृच्छा चालू असताना दूरचा सर्व्हर बंद असला तर काय व्हावे? ओरॅकलची किंवा पोस्टग्रेसची जोडणी अशा वेळी सबंध पृच्छाच नाकारते आणि चुकीचा संदेश देते. वापरणाऱ्याला हा उद्धटपणा वाटतो. उलट, अनेक ग्रंथालयांत एकदम शोध घेणारी सार्वजनिक संकेतस्थळे सहसा सौजन्याने वागतात : ठरलेल्या वेळात ज्यांनी उत्तर दिले त्यांच्या नोंदी ती दाखवितात आणि जे गप्प राहिले त्यांची गोष्ट सोडून देतात. ज्ञानजालातील विदेसाठी असलेल्या स्पार्कल या पृच्छाभाषेचे जे संघीय स्वरूप २०१३ मध्ये प्रमाणित झाले, त्यात तर या वर्तनासाठी 'सायलेंट' असा शब्दच राखून ठेवलेला आहे. तो लिहिला की दूरच्या सेवेकडून चूक आली तरी ती गिळली जाते आणि जणू ती बाजू विचारलीच नव्हती असे समजून उत्तर पुढे सरकते. प्रवाशाला गाडीचे वेळापत्रक सांगणाऱ्या यंत्रासाठी हे सौजन्य ठीक आहे. 'या काव्याची तंजावरास प्रत नाही' असे लिहू पाहणाऱ्या माणसासाठी ते घातक आहे, कारण त्याच्या हाती आलेल्या रिकाम्या जागेचे चार अर्थ संभवतात : प्रत नाही, प्रत आहे पण नोंद नाही, नोंद आहे पण अक्षरांत जुळली नाही, किंवा त्या दुपारी तंजावरचा सर्व्हर बंद होता. माझे मत असे की, संशोधनासाठी केलेल्या जोडणीने उद्धटच असावे. आणि उत्तरातील प्रत्येक नोंदीबरोबर दोन अधिक स्तंभ यावेत, एकात नोंद कोणत्या विदागारातून आली ते आणि दुसऱ्यात पृच्छा कोणत्या दिवशी केली ते. आउफ्रेख्टने प्रत्येक नोंदीपुढे सूचीचा संकेत दिला होता. आपण यंत्राच्या भरवशावर ती शिस्त सोडण्याचे कारण नाही. 'आढळत नाही' या विधानाच्या तळटीपेत कोणती विदागारे, कोणत्या दिवशी, शीर्षकाच्या कोणकोणत्या रूपांनी धुंडाळली हे दिले, तर पुढच्या अभ्यासकाला ते विधान तपासता येते. दूरचा सर्व्हर वारंवार बंद पडत असेल तर त्याची प्रत ठरावीक काळाने आपल्याकडे उतरवून ठेवावी, पण मग त्या प्रतीवर उतरविल्याची तारीख हवी. म्हणजे फिरून आपण महासूचीच्या मार्गावर येतो, आणि त्यात कमीपणा नाही.

इतके सर्व जमले तरी व्यक्तींची ओळख पटविणे शिल्लक राहते. नामदेवांचेच उदाहरण घ्यावे. १६०४ मध्ये सिद्ध झालेल्या आदिग्रंथात त्यांची ६१ पदे आहेत. पंजाबातील सूचीत ते 'भगत नामदेव' असतात. महाराष्ट्रातील सूचीत ते 'संत नामदेव', 'नामदेव शिंपी' किंवा नुसते 'नामा' असतात. आणि 'नामा' या मुद्रेचे अभंग रचणारे सगळेच नामदेव नव्हेत. महाभारतावर ओवीबद्ध रचना करणारा सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा हा निराळा कवी, आणि या दोघांच्या रचनांची सरमिसळ गाथांमधून झालेली आहे. विदागार जोडताना यासाठी एक मधले कोष्टक करतात : पहिल्या स्तंभात या सूचीचा क्रमांक, दुसऱ्यात त्या सूचीचा, आणि एका ओळीवर आले की ते एक. २००३ मध्ये काही राष्ट्रीय ग्रंथालयांच्या सहकार्याने आरंभलेली 'व्हायाफ' ही आंतरराष्ट्रीय अधिनामसूची हेच काम जगभराच्या कर्त्यांसाठी करते, आणि तिचे क्रमांक मधल्या कोष्टकात घालून ठेवणे उपयोगाचे आहे. परंतु तिच्यातील जुळणी बरीचशी यंत्राने नाव व ग्रंथ ताडून केलेली असते. ज्या मध्ययुगीन कवींविषयी मराठीतील विद्वानांचे एकमत नाही, त्यांच्याविषयी यंत्राने काय ठरवावे?

मधले कोष्टक हे तंत्रज्ञाकडे सोपविण्याचे काम नाही, हा या लेखातील मुख्य मुद्दा आहे. जोडणीचा पत्ता, परवलीचा शब्द, दुभाषी यांची तजवीज संगणक विभागातील कोणीही एका दिवसात करून देईल. मधल्या कोष्टकातील एकेक ओळ मात्र चिकित्सक संपादकाच्या निर्णयाइतकी जबाबदारीची असते, कारण पुढची प्रत्येक पृच्छा ती ओळ निमूटपणे खरी मानून चालते. 'विष्णुदास नामा' एकदा चुकून नामदेवांच्या क्रमांकाखाली गेला की पुढच्या सर्व मोजदादीत, अनुक्रमणिकांत आणि प्रबंधांत तो तेथेच राहतो. म्हणून त्या कोष्टकात निर्णय करणाऱ्याचे नाव, निर्णयाची तारीख आणि आधार यांसाठी जागा ठेवावी, आणि ते कोष्टक स्वतंत्र संशोधनकार्य म्हणून प्रसिद्ध करावे. आणखी एका स्तंभाची गरज आहे. कॉडच्या प्रतिमानातील समानतेच्या चिन्हाला 'आहे' आणि 'नाही' एवढेच कळते, अधिकात अधिक 'अज्ञात'. आपल्या शास्त्रात ज्या शब्दावाचून एकही वाद पुढे सरकत नाही तो 'बहुधा' हा शब्द त्याला ठाऊक नाही, आणि तो लिहिण्यासाठी निश्चिततेचा एक स्तंभ आपणच कोष्टकात वाढवावा लागतो.